पोटाची शस्त्रक्रिया आणि शुश्रूषेचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव राहते. रुग्णाच्या उशाशी रात्र जागणाऱ्या व्यक्तीचे नाव क्वचितच सापडते. पोटाच्या शस्त्रक्रियेत तर पुढचे काही दिवस शस्त्रक्रियेइतकेच निर्णायक असतात. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले : वैद्य, औषध, रुग्ण आणि परिचारक. फाटलेले आतडे मुंग्यांच्या डोक्यांनी सांधण्याची पद्धत सुश्रुतसंहितेत आढळते, तशीच ती कुर्तुब्याच्या अल-जहरावी (मृत्यू सुमारे १०१३) यांच्या ग्रंथातही आहे. कैरो येथे सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये उभारलेल्या मन्सुरी रुग्णालयात अतिसाराच्या रुग्णांसाठी स्वतंत्र दालन होते आणि स्त्री व पुरुष असे दोन्ही सेवक नेमलेले होते. यावरून स्त्रीने शुश्रूषेचे काम करणे ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नव्हती, हे स्पष्ट होते.

आधुनिक काळात १८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी जठराचा रोगट भाग यशस्वीपणे कापून काढला. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय मिरजेत सुरू झाले. मिरज बेळगाव-लोंढा मार्गे हुबळी-धारवाडशी रेल्वेने जोडलेली असल्यामुळे आपल्या भागातील रुग्णही तेथे जात. पुढे मिरजेत परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. हुबळीत मेडिकल कॉलेज आले ते १९५७ मध्ये.

पोट उघडल्यानंतर आतड्यांची हालचाल काही काळ मंदावते. अशा वेळी पोट फुगते, उलटी होते आणि उलटी श्वासनलिकेत गेल्यास जीवावर बेतते. म्हणून नाडी, ताप, लघवीचे प्रमाण, पोटाचा फुगवटा व जखमेतील स्राव यांची नोंद ठेवणे हे परिचारिकेचे मुख्य काम ठरले. शिरेतून सलाईन देणे रूढ होण्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या आरंभी, ते गुदमार्गाने थेंबथेंब देत. १९२१ मध्ये लेविन यांची नाकातून जठरात जाणारी नळी आली आणि साचलेला द्राव काढणे सोपे झाले. १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या केलेट यांनी रुग्णाला लवकर चालवावे व लवकर खाऊ घालावे असा विचार मांडला. तेव्हापासून दीर्घ उपासाचा जुना नियम बराच सैल झाला. मात्र प्रत्येक घोटानंतर लक्ष ठेवण्याची गरज कायम आहे.

येथे भाषेचा प्रश्न येतो. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. उर्दूतील ‘तीमारदारी’त काळजीचा भाव आहे. वायू सरला का, शौचास कशी झाली, हे पोटाच्या रुग्णाला विचारावेच लागते. संकोची स्त्री अशा प्रश्नाचे खरे उत्तर आपल्या भाषेत विचारणाऱ्या स्त्रीलाच सहज देते. उत्तर दडले तर धोक्याची खूणही दडते.

हुबळी-धारवाडच्या आपल्या विद्यार्थिनी घरी उर्दू, बाजारात कन्नड आणि कित्येक कुटुंबांत मराठीही बोलतात. ही त्यांची मोठी शिदोरी आहे. तरीही परिचर्येचा अभ्यासक्रम निवडताना घरातून कमीपणाची भावना व्यक्त होते. अशा वेळी अध्यापकांनी पालकांसमोर हा इतिहास ठेवावा. चार पादांपैकी एक पाद दुबळा राहिला, तर उरलेल्या तिघांवर रुग्ण उभा राहत नाही.