फाटे न फोडणारा वेल

देवगाव फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा पुढची गाडी यायला पाऊण तास होता. मंठ्याकडून येणारा रस्ता इथं दुभंगतो; एक जिंतूरला जातो, एक सेलूला. कडेला एका मावशींनी पोत्यावर टरबुजं मांडली होती, शेजारी खरबुजांचा छोटा ढीग. त्यांच्या सावलीला टेकलो आणि पिशवीतला कागद काढला. एका शेतीमासिकासाठी मजकूर मराठीत करून द्यायचा होता: पसरणारा वेल आखूड कसा करतात, कुंडीत मावेल एवढा टोमॅटो कसा घडवतात. सगळं जमलं होतं, एका शब्दापाशी गाडी अडली होती. ‘कॉम्पॅक्ट’. मराठीत काय म्हणायचं?

समोर पाटी होती, ‘देवगाव फाटा’. उत्तर नव्हे, पण धागा तिथंच होता.

फाटा हे फाटणे या क्रियापदाचं लेकरू. रस्त्याला फाटा फुटतो, कालव्याला फुटतो, झाडाला आणि वेलालाही फुटतो. तोडून चुलीजवळ आणला की तो लाकूडफाटा. माणसाच्या बोलण्याला फुटला की आपण वैतागतो: ‘उगाच फाटे फोडू नकोस.’ आणि एखादी गोष्ट बाजूला सारून पुढं जायचं असेल तर तिला ‘फाटा देतो’. एकच शब्द गुंता वाढवायलाही लागतो आणि टाळायलाही.

टोमॅटोचं झाड मुळात फाटे फोडणाऱ्यांतलं. दोन घोसांच्या मध्ये तीन पानं, मग घोस, पुन्हा तीन पानं, असा संसार तो थंडी किंवा रोग पडेपर्यंत वाढवत राहतो. १९१४ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका शेतात एक झाड आपोआप थांबलेलं सापडलं. काही घोस दिले, शेंड्यावर शेवटचा घोस आला आणि वाढ संपली. या गुणाला नाव पडलं ‘सेल्फ-प्रूनिंग’, म्हणजे आपली छाटणी आपणच करणारा. बाजारातले बुटके, एकदम पिकणारे, यंत्रानं तोडता येणारे टोमॅटो याच झाडाचे वारस. आपल्याकडं त्यांना ‘झुडपी’ म्हणतात, आणि तारेवर चढवायचे ते ‘वेली’.

खरबुजाची गोष्ट वेगळी. तिथं प्रश्न फाट्यांपेक्षा पेरांचा. वेल हातात घ्या. पान जिथून फुटतं ती गाठ, आणि दोन गाठींमधलं अंतर ते पेर. उसाला पेर असतं, ज्वारीच्या ताटाला असतं, आपल्या बोटालाही असतं. माळ हाताशी नसली की म्हातारी माणसं पेरांवर जप मोजतात. संस्कृतातल्या पर्वन्‌, परुस्‌ या घराण्यातला हा शब्द, मूळ अर्थ सांधा. महाभारताची अठरा पर्वं म्हणजे त्या प्रचंड उसाची अठरा पेरंच. (पेरणीतलं ‘पेर’ मात्र निराळं. दिसायला जुळं, जन्म दुसऱ्या घरचा.) बुटक्या खरबुजात मुख्यतः हे पेरच आखूड होतं. आठ बोटांचं अंतर दोन बोटांवर यावं, तसं. ज्या जनुकामुळं हे घडतं त्याला शास्त्रज्ञांनी दिलेलं नावही सरळ आहे, ‘शॉर्ट इंटरनोड’, म्हणजे आखूड पेर. ‘टॉपमार्क बुश’ नावाच्या अमेरिकी खरबुजात तो गुण मिळाला. तो निसर्गानं आपणहून केलेला बदल होता. माणसानं नंतर नुसते संकर केले.

यात एक अडचण आहे आणि ती कोणत्याही शेतकऱ्याला लगेच कळेल. गोडी फळात साठते, पण तयार होते पानात. पेर आखूड केलं की पानं एकमेकांच्या सावलीत जातात. वेल मावतो, फळाला साखर कमी पडते.

झाडं उंच का होतात याचा शोध लागला तो मात्र रोगातून. जपानी भातशेतीत काही रोपं इतरांपेक्षा भराभर उंच व्हायची, बारीक पडायची आणि दाणा न देता मरायची. शेतकरी त्यांना ‘बाकानाए’ म्हणत, म्हणजे मूर्ख रोप. १९२६ साली एइची कुरोसावा यांनी दाखवलं की रोपावरची बुरशी एक द्रव्य सोडते, त्यानं ती वाढतात. त्या द्रव्याचं नाव पुढं जिबरेलिन पडलं. ते झाडातही असतं. ते कमी पडलं किंवा झाड त्याला दाद देईनासं झालं की झाड बुटकं राहतं. हरितक्रांतीतला बुटका गहू या दुसऱ्या प्रकारातला.

मला गंमत वाटते ती जपानी शेतकऱ्याच्या शिवीची. त्यानं उंच रोपाला मूर्ख ठरवलं. आपण? आपल्याकडं आखूडपणाचे शब्द मोजा: बुटका, ठेंगू, गिड्डा, खुजा, खुरटा. एकही शब्द कुणाला प्रेमानं म्हणता येणार नाही. खुजा तर सरळ ‘कुब्ज’चा वंशज, संस्कृत कुब्ज, प्राकृत खुज्ज, मराठी खुजा. कुबडाचा शब्द वाटेत उंचीचा झाला आणि आता मनाच्या कोतेपणालाही वापरतात. गिड्डा कानडीशी नातं सांगतो. कानडीत गिड्ड म्हणजे आखूड आणि गिड म्हणजे झाड, एका द्वित्ताचा फरक. खुरटा हा शब्द तर पिकासाठीच आहे, पण रोग्या पिकासाठी. बियाण्याच्या पुडीवर ‘खुरटं वाण’ छापून पाहा, कुणी हात लावणार नाही.

मराठी शेतकऱ्यालाही उंचीचं कौतुक नाही, हे खरं. पाऊस आणि युरिया दोन्ही जास्त झाले की पऱ्हाटी नुसती पाल्यानं वाढते, बोंड धरत नाही. तेव्हा तो म्हणतो, ‘पऱ्हाटी माजली.’ माज हा शब्द रेड्याला, पैसेवाल्याला आणि कापसाला सारखाच लागतो. मग शेंडे खुडतात. बाकानाएच्या जवळ जाणारं आपलं क्रियापद हेच. म्हणजे फार वाढला तर माजला, कमी वाढला तर खुरटला. बरोबर मापात राहिला तर त्याला शब्दच नाही!

एक पुराणातला शब्द मनात येऊन गेला, वामन. बुटका असूनही तुच्छ नव्हे, उलट तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा. कमी जागेत जास्त उत्पन्न देणाऱ्या वाणाला याहून शोभेसं नाव कुठलं? पण लगेच जीभ चावली. वामनानं ज्याच्या डोक्यावर पाय दिला तो बळी, आणि महाराष्ट्रात शेतकऱ्याला आपण काय म्हणतो? बळीराजा. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त याच बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं, आणि दिवाळीत आजही ओवाळताना आया-बहिणी बळीचं राज्य येण्याची इच्छा धरतात. त्याच्या शेतात ‘वामन’ नावाचं बियाणं पेरायला निघणाऱ्याला मराठी येत नाही एवढंच म्हणता येईल.

‘वाण’ हा शब्दही थोडा उलगडून पाहावा. तो ‘वर्ण’वरून आला, रंग, मग प्रकार, मग बियाण्याची जात. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, या म्हणीत वाण म्हणजे बैलाचा रंगच. (संक्रांतीचं वाण वेगळं, ते ‘वायन’चं.) आता ‘संकरित वाण’ हे कृषी खात्याचं आवडतं जोडपं घ्या आणि उलटं फिरवा: वर्णसंकर. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ज्याच्या भीतीनं गांडीव खाली ठेवतो, तेच आपण अनुदानावर विकत घेतो. कुठल्याही समाजसुधारकाला न जमलेली गोष्ट बियाण्याच्या पुडीनं शब्दापुरती तरी करून टाकली.

पण शब्द इतक्या सहज सुधारत नाहीत. १९६४ साली सीएसएच-१ ही आपल्याकडची पहिली संकरित ज्वारी आली. ती बुटकी होती, दाणा भरपूर. दुष्काळाच्या दिवसांत तिनं पोटं भरली. मात्र कणसं पावसात सापडली की दाणा काळा पडे. आणि बैलासमोर टाकायचा कडबा? उंच गावरान ज्वारीइतका निघेना. माणसाचं पीक वाढलं, जनावराचं घटलं. संशोधकानं दाण्याचं माप घेतलं, कुणब्यानं ताटाचंही घेतलं. मराठीनं आपला निकाल दिला तो ‘हायब्रीड’ या शब्दात. दिसायला टवटवीत पण कसाला न उतरणारा पोरगा हायब्रीड, बेचव भाजी हायब्रीड. ‘संकरित’ मात्र कधीच शिवी झाला नाही, कारण तो कुणी बोललंच नाही.

पुढचा शब्द ‘बीटी’. २००२ साली परकं जनुक घातलेला बीटी कापूस आला आणि दोन अक्षरं मराठी होऊन बसली. आज ‘बीटी लावली’ म्हटलं की कापूस लावला एवढंच कळतं. परवानगी नसलेल्या तणनाशक-सहनशील बियाण्याला लोकांनी दिलेलं ‘चोरबीटी’ हे नाव तर कुठल्याही परिभाषा समितीला सुचलं नसतं. इथून मंठ्याच्या पलीकडं जालना लागतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथं महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली, आणि त्याच कंपनीचं बीटी वांगं २००९ साली तज्ज्ञ समितीत मंजूर होऊन ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगितीत अडकलं. बांगलादेशात ते पिकतं. आपल्याकडं परक्या जनुकाच्या एकाही भाजीला अजून लागवडीची परवानगी नाही.

आता आखूड वेलासाठी परकं जनुक घालावंच लागत नाही. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत झॅकरी लिपमन यांच्या गटानं २०१९ च्या अखेरीस टोमॅटोतली तीन जनुकं कापून-बदलून दाखवली. एक छाटणीचं, एक फुलं रोखून धरणारं, एक देठ-खोडाचं पेर लांबवणारं. झाड गुलदस्त्यासारखं झालं आणि चाळिसाव्या दिवसाच्या आत फळं पिकली. याला मराठीत ‘जनुक संपादन’ म्हणतात. जनुक हा ‘जन्‌’वरून घडवलेला शब्द, योहान्सन यांनी १९०९ मध्ये दिलेल्या ‘जीन’च्या आवाजाशी मिळताजुळता, फार चांगला जमलाय. ‘संपादन’चं मला हसू येतं. संस्कृतात संपादन म्हणजे मिळवणं: विद्या संपादन, विश्वास संपादन. मासिकांच्या संपादकांनी मात्र त्याचा अर्थ कापणं असा करून ठेवला, आणि प्रयोगशाळेला तोच उपयोगी पडला. परक्या जनुकाशिवाय संपादित केलेल्या पिकांचे नियम भारतानं २०२२ मध्ये सैल केले. २०२५ च्या मे महिन्यात असे दोन भात जाहीर झाले. भाजीची पाळी यायची आहे.

परभणीला हे सगळं नवखं वाटू नये. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी इथल्याच कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी घडवली. ‘पुसा सावनी’ला एका रानटी भेंडीशी जुळवून त्यांनी पिवळ्या शिरांच्या रोगाला तोंड देणारं वाण काढलं. गुण रानातून आला. खरबुजाचाही असा एक रानटी भाऊबंद आहे, शेंदाड. ज्वारी-कापसाच्या ओळींत आपोआप उगवायचा, कोवळा असताना कडू, पिकला की हातात फुटणारा. तणनाशकांनी तो जवळपास नाहीसा केला. भाषेत उरला तो ‘शेंदाड शिपाई’, बढाईखोर भित्रा. फळ न पाहिलेली मुलं ही शिवी वापरतात.

तर ‘कॉम्पॅक्ट’. ‘आटोपशीर’ लिहिलं आणि खोडलं. आटोपशीर घर असतं, भाषण असतं. शेतात ‘आटोपलं’ म्हटलं की पीक निघून गेलं असा अर्थ होतो. मग आठवला भुईमूग. त्याचे प्रकार तीन: उपट्या, पसऱ्या, निमपसऱ्या. उपट्या झुपक्यानं वाढतो, पसऱ्या लोळतो. पण आखूड वाढणाऱ्याला कुणी बुटका भुईमूग म्हटलं नाही. हातानं धरून उपटला की सगळ्या शेंगांसकट येतो, म्हणून उपट्या. उंचीची पट्टी लावण्याऐवजी काढणाऱ्याच्या हाताला जे जाणवलं ते नाव झालं, म्हणूनच त्यात हिणवणं नाही.

‘काय वाचायलाव एवढं, भाऊ?’ मावशींनी विचारलं. मी सांगितलं. खरबुजाचा वेल, पण पसरायचा नाही, एका जागी राहील, दाट लावता येईल.

‘मंग गोड असंल का?’

तेच जमवायला बघतायत, म्हटलं. नाव काय द्यावं ते कळेना.

त्यांनी फार विचार केला नाही. ‘आमचं घर बैठं हाय, वर माडी न्हाई. तसा बैठा येल म्हना की.’ आणि जरा थांबून, ‘पर येल पसरला न्हाई तर शेळ्यास्नी काय घालायचं?’

सेलूची गाडी वळणावर दिसली. मावशींनी एक खरबूज उचलून कानाशी धरलं, वाकवलेल्या बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं, परत ठेवलं आणि दुसरं घेतलं.

‘आजच खायचं हाय ना?’