पाच हजार स्पार्टन आणि पस्तीस हजार हेलॉट

जेमतेम इंचभर उंचीचे सैनिक रंगवण्यात कसला आलाय इतिहास, असे कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटले होते. प्राचीन योद्ध्यांच्या २८ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या मूर्ती रंगवण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. एका मित्रामुळे तो आमच्यापर्यंत पोहोचला आणि आम्ही स्पार्टन सैनिकांचे एक खोके रंगवायला घेतले. आधी अस्तराचा हात, मग झग्याला लाल आणि ढालीला काशाचा रंग, त्यावर पातळ काळपट रंग सोडून कपड्याच्या घड्या उठवायच्या, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळायचे.

या छंदातली माणसे तपशिलाला फार जपतात. स्पार्टनांच्या लाल पोशाखाची नोंद झेनोफोनने केली आहे, पण तो लाल नेमका कोणता यावर तासन्‌तास वाद चालतो. सिडोन येथे १८८७ साली सापडलेल्या आणि आज इस्तंबूलच्या संग्रहालयात असलेल्या ‘अलेक्झांडर शवपेटी’वर मूळ रंगाचे अंश शिल्लक आहेत, मॅसिडोनियन आणि पर्शियन सैनिकांचे रंग ठरवताना तिचा आधार घेतला जातो. पुराव्याबद्दलची ही सचोटी आम्हाला मान्य आहे. आमचा आक्षेप एवढाच, की ती रंगाच्या छटेपाशी येऊन थांबते.

हेरोडोटस सांगतो की इ.स.पू. ४७९ मध्ये प्लॅटियाच्या लढाईला ५,००० स्पार्टन गेले आणि त्यांच्याबरोबर ३५,००० हेलॉट. म्हणजे एका स्पार्टनामागे सात! हेलॉट म्हणजे लॅकोनिया आणि मेसेनियातले, जमिनीला जखडलेले, पिढ्यान्‌पिढ्या स्पार्टनांसाठी राबणारे लोक. टेबलावर दहा स्पार्टन मांडायचे तर शेजारी सत्तर हेलॉट उभे करावे लागतील. आमच्या खोक्यात एकही नव्हता.

त्याआधीच्या वर्षीच्या थर्मोपिलीचे ‘तीनशे’ जगभर गाजले. तिथल्या मृतांमध्ये हेलॉटही होते, हे हेरोडोटसच नोंदवतो. प्लॅटियाला तर स्पार्टनांनी आपल्या मृतांसाठी वेगळ्या कबरी केल्या आणि हेलॉटांसाठी वेगळी. मरण एकाच रणांगणावर, माती मात्र वेगळी. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

हेलॉट रंगवायचा तर कसा? अथेनियसने मायरॉन या लेखकाच्या आधारे दिलेली एक उत्तरकालीन नोंद आहे: हेलॉटांवर कुत्र्याच्या कातड्याची टोपी आणि कातडी पांघरण्याची सक्ती होती. शिवाय काही चूक नसतानाही दरवर्षी ठरावीक फटके, आपण गुलाम आहोत हे विसरू नये म्हणून. इथे पोशाख हीच ओळख आणि तीच शिक्षा.

आणि शौर्याचे बक्षीस काय मिळाले? थुसिडिडीज लिहितो: युद्धात सर्वाधिक पराक्रम केल्याचा दावा करणाऱ्या हेलॉटांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करू, असे स्पार्टाने जाहीर केले. सुमारे २,००० निवडले गेले. त्यांनी डोक्यावर माळा घालून देवळांना फेऱ्या मारल्या. त्यानंतर लवकरच ते सगळे नाहीसे केले गेले. कोण कसा मेला हे कुणालाच कळले नाही. जो लढू शकतो तो उद्या आपल्याविरुद्धही उठेल, ही भीती त्यामागे होती.

‘छंदात कशाला आणता हे सगळे?’ असे आम्हाला विचारले गेले. आमचे उत्तर साधे आहे. मुलांच्या मनात प्राचीन जग भरते ते अशा मूर्तींतून, खेळांतून, सिनेमांतून. तिथे फक्त ढालवाला नागरिक उभा असेल, तर लढाई त्याने एकट्याने जिंकली असेच मूल समजणार. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी नावे कोरलेली नसती, तर आमच्या पूर्वजांचे लढणेही असेच गायब झाले असते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, ते का, हे इथे नीट कळते. हेलॉटांच्या वाट्याला असा स्तंभ आला नाही.

म्हणून आम्ही हलक्या शस्त्रांच्या साध्या मूर्ती मिळवल्या आहेत. न रंगवलेल्या लोकरीचा करडा, कातड्याचा तपकिरी, उन्हाने रापलेली त्वचा. दहा स्पार्टनांमागे सत्तर हवेत; एकवीस झाले आहेत. काम संथ आहे, पण सत्तर पूर्ण होईपर्यंत ते दहा स्पार्टन आम्ही टेबलावर मांडणार नाही.

जय भीम!