फोज्जिनी आणि गोव्यातील समाधी
जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी (१६५२–१७२५) हा फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबाराचा शिल्पकार. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर (१५०६–१५५२) यांचे पार्थिव ज्या संगमरवरी समाधीवर विसावले आहे, ती त्याची कृती होय. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने ती भेट दिली. तिचे सुटे भाग जहाजाने आणून १६९८ मध्ये येथे जोडण्यात आले. तिच्या चार ब्राँझ फलकांवर संतांचा धर्मोपदेश, त्यांनी दिलेला बाप्तिस्मा, छळातून झालेली सुटका आणि मृत्यू हे प्रसंग उठावात घडविले आहेत. पार्थिवाची चांदीची पेटी मात्र त्याहून जुनी. ती १६३६-३७ मध्ये गोमंतकीय कारागिरांनी घडविली. शिल्पकाराचे नाव कलेच्या इतिहासात राहिले, सोनारांची नावे भाविकांना ठाऊक नाहीत. तरी दर्शनाला आलेल्याची नजर प्रथम त्या पेटीवरच स्थिरावते.