मित्तीची साक्ष : मराठी कागदपत्रांतील कालगणना व कालनिर्णय

इतिहासग्रंथातील घटनेपुढे दिलेली तारीख हा त्या ग्रंथाचा सर्वांत निर्विवाद भाग होय, अशी समजूत विद्यार्थ्यांत रूढ आहे. युद्धाच्या कारणांविषयी मतभेद संभवतात, व्यक्तींच्या हेतूंविषयी वाद होतात. परंतु तारीख एकदा जंत्रीवरून काढली की तिच्याविषयी अधिक विचारावयाचे काही उरत नाही, असे मानले जाते. वस्तुतः तारीख हीदेखील एक साक्षच आहे. ती कोणीतरी, कोणत्यातरी गणनेने आणि घटनेनंतर केव्हातरी नोंदलेली असते. साक्षीदाराची जशी तपासणी करावी लागते तशीच तिचीही करावी लागते. सतराव्या व अठराव्या शतकांतील मराठी कागदपत्रांत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. कारण त्या काळी महाराष्ट्रात एकाच वेळी अनेक कालगणना प्रचारात होत्या आणि एकाच पत्रात त्यांपैकी दोन-तीन एकत्र आढळणे ही नित्याची बाब होती.

(१) दिवसाची मर्यादा

प्रथम दिवस हेच परिमाण घेऊ. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची नोंद जेधे शकावलीत शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार अशी आहे. द्वादशीपुढे २१ घटी ३४ पळे हा आकडा असून, तीन घटिका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले असे तीत म्हटले आहे. प्रचलित इतिहासांत मात्र ज्येष्ठ शुद्ध १३ ही तिथी व ६ जून १६७४ ही तारीख दिली जाते. ६ जूनला शनिवार येतो. वरवर पाहता तिथी जुळत नाही आणि वारही जुळत नाही.

हा विरोध केवळ आभास आहे. पंचांगातील वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो आणि सूर्योदयी जी तिथी असेल तिचेच नाव त्या दिवसाला मिळते. त्या शुक्रवारी सूर्योदयी द्वादशी होती. ती दुपारी संपून त्रयोदशी लागली. घटिका चोवीस मिनिटांची. तेव्हा तीन घटिका रात्र उरली याचा अर्थ सूर्योदयास सुमारे सव्वा तास अवकाश होता. मराठी लेखकाच्या दृष्टीने अद्याप शुक्रवार संपला नव्हता, प्रत्यक्ष तिथी त्रयोदशी होती आणि मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या इंग्रजांच्या दृष्टीने शनिवार, ६ जून सुरू झाला होता. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन या वेळी रायगडावर होता. ६ जूनच्या सकाळी दरबारात गेल्यावर महाराज सिंहासनावर बसलेले दिसले, असे त्याने नोंदविले आहे. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. भेद दिवसाच्या व्याख्येत आहे. तो लक्षात न घेता एखाद्याने एक साक्ष चुकीची ठरविली असती तर मूळ चूक त्याची स्वतःचीच झाली असती.

यातच आणखी एक भेद मिसळतो. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये पंचांगशुद्धी करून दहा दिवस गाळले. पोर्तुगालने ही सुधारणा त्याच वर्षी स्वीकारली. इंग्लंडने ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. म्हणून ऑक्झिंडनचा ६ जून हा गोव्यातील पोर्तुगीज कारकुनाच्या दप्तरी १६ जून ठरतो. सतराव्या शतकातील मराठी घटनांच्या ज्या तारखा सामान्यतः छापल्या जातात त्या जुन्या, म्हणजे ज्यूलियन पद्धतीच्या आहेत; पोर्तुगीज कागदांशी त्यांची तुलना करताना दहा दिवसांची ही तफावत विसरल्यास एकाच घटनेच्या दोन घटना होतात.

(२) वर्षाचा आरंभ

दिवसाप्रमाणेच वर्षाचा आरंभही प्रत्येक गणनेत निराळा आहे. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस सुरू होते. म्हणून इसवी सन काढण्यासाठी शकात साधारणतः ७८, परंतु जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या मित्त्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. राज्याभिषेक शकाचे वर्ष ज्येष्ठ शुद्ध १३ ला पालटते. त्या शकाच्या अंकात १५९५ मिळविले की शालिवाहन शक येतो. परंतु चैत्रारंभापासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंत १५९६ मिळवावे लागतात. इंग्रजांचे अधिकृत वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे सुरतेच्या वखारीतील जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रावरील सन आजच्या गणनेपेक्षा एकाने कमी असतो.

राज्यकारभारात सर्वांत अधिक वापर शुहूर सनाचा होई. हे सौर वर्ष असून सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी, ते सुरू होते. म्हणूनच त्यास मृगसाल असेही नाव आहे. पेरणीचा हंगाम आणि वसुलीचे वर्ष यांचा मेळ राखणारी ही गणना शेतकऱ्यांच्या व दिवाणाच्या दोघांच्याही सोयीची होती. या सनाचा व हिजरी सनाचा अंक ७४५ या वर्षी, म्हणजे इ. स. १३४४ मध्ये, एकच होता. हिजरी वर्ष चांद्र असून सुमारे ३५४ दिवसांत संपते. त्यामुळे पुढे हिजरी अंक वाढत गेला आणि शुहूर मागे पडला. पानिपतच्या युद्धाच्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ रोजी, हिजरी सन ११७४, तर शुहूर सन ११६१ होता. चार शतकांत तेरा वर्षांचे अंतर पडले. शुहूरात जूनपासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळविले की इसवी सन मिळतो.

(३) अंकवाचक शब्द

शुहूर सन आकड्यांत न लिहिता बहुधा अरबी शब्दांत लिहीत आणि हे शब्द मराठी लेखणीतून मराठी होऊन उतरत. ११६१ हे वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिले जाई. यात प्रथम एकम्, मग दशम्, मग शतक व शेवटी सहस्र असा क्रम आहे. सबा म्हणजे सात व सबैन म्हणजे सत्तर. समान म्हणजे आठ व समानीन म्हणजे ऐंशी. तिसा म्हणजे नऊ व तिसैन म्हणजे नव्वद. ज्यांना अरबी येत नव्हती अशा कारकुनांनी हे शब्द कानाने शिकले व लिहिले. साहजिकच त्यांची रूपे पत्रागणिक थोडी बदलतात.

येथे भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. सितैन म्हणजे साठ आणि तिसैन म्हणजे नव्वद. दोन शब्दांत केवळ वर्णांची अदलाबदल आहे. अशी अदलाबदल बोलण्यात, नक्कल करण्यात व वाचण्यात सहज घडते. त्यातून मोडी लिपीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद कटाक्षाने पाळला जात नाही व अक्षरे परस्परांस जोडून येतात. वाचकाने सितैनच्या जागी तिसैन वाचले तर ११६१ चे ११९१ होतात आणि पत्र १७६१ मधून १७९१ मध्ये जाते. या तीस वर्षांत नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द संपून सवाई माधवरावांची आलेली असते. पत्रातील व्यक्ती, पदे व घडामोडी यांवरून ही चूक बहुधा उघडकीस येते. परंतु ज्या पत्रात गावच्या वतनाखेरीज दुसरा विषय नाही तेथे ती तशीच राहते आणि एखाद्या घराण्याच्या वंशावळीत एक पिढी विनाकारण वाढते.

(४) वर्षाचा उल्लेख नसलेली पत्रे

अनेक खाजगी व राजकीय पत्रांत वर्ष मुळीच नसते. ‘छ’ या खुणेपुढे मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख तेवढी असते. ज्याला पत्र लिहिले त्याला वर्ष ठाऊकच होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला; तेव्हापासून अशा पत्रांचा काळ ठरविणे हे मराठी इतिहाससंशोधनाचे एक मुख्य कार्य होऊन बसले.

या कामी हिजरी महिन्यांचे ऋतूंतून सरकणे हीच अडचण असून तोच उपायही आहे. हिजरी वर्षात अधिकमास नाही, हिंदू चांद्रसौर वर्षात तो साधारणतः बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. दोन्ही महिने चंद्रावर अवलंबून असल्यामुळे दोन अधिकमासांच्या दरम्यान त्यांची जोडी कायम राहते. पुढला अधिकमास आला की जोडी एका महिन्याने सरकते आणि मूळ जोडी पुन्हा जुळण्यास सुमारे तेहतीस वर्षे लागतात. समजा, एखाद्या पत्रावर रमजानची तारीख आहे आणि मजकुरात दसरा नुकताच झाल्याचा उल्लेख आहे. रमजान व आश्विन यांची गाठ तेहतीस वर्षांच्या आवर्तनात दोन-तीन वर्षेच पडते. पत्रलेखकाच्या हयातीची मर्यादा लावल्यास बहुधा एकच आवर्तन शिल्लक राहते आणि त्या दोन-तीन वर्षांतून एक निवडण्यास मोहिमेचा मुक्काम किंवा एखाद्याच्या मृत्यूचा उल्लेख पुरेसा होतो. सहज लिहिलेला सणाचा किंवा पावसाचा उल्लेख म्हणूनच संपादकाने गाळू नये.

(५) गणिताचा पडताळा आणि त्याची मर्यादा

मित्तीत शक, संवत्सर, तिथी, वार व नक्षत्र ही अंगे एकत्र असली तर त्यांचा परस्परांशी पडताळा घेता येतो. संवत्सराचा पडताळा सर्वांत सोपा : शकात १२ मिळवून ६० ने भागावे, उरलेली बाकी हा प्रभवापासूनचा क्रमांक होय. १५९६ साठी बाकी ४८ उरते आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद हेच आहे. तिथी-वारांचे गणित शंकर बाळकृष्ण दीक्षित व रॉबर्ट सेवेल यांच्या १८९६ च्या ग्रंथाने आणि पुढे स्वामिकण्णू पिळ्ळै यांच्या कोष्टकांनी इतिहासकाराच्या आवाक्यात आणले.

शिवजन्माच्या मित्तीचा वाद हे या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. उत्तरकालीन बखरींच्या आधारे जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये, झाला असे दीर्घकाळ मानले जात होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद निघाली. १५५१ साठी बाकी ३ उरते. तिसरे संवत्सर शुक्ल आहे. ही मित्ती १९ फेब्रुवारी १६३० ला पडते. त्या दिवशी शुक्रवार होता आणि चंद्र हस्त नक्षत्रात होता. नोंदीची सर्व अंगे जुळतात.

परंतु एवढ्याने जन्मतिथी सिद्ध झाली असे म्हणता येणार नाही. गणित जुळणे याचा अर्थ तो दिवस अस्तित्वात होता एवढाच. त्या दिवशी अमुक घटना घडली हे गणित सांगत नाही. शिवाय नंतरच्या कोणा ज्योतिष्यालाही मागील दिवसाचे पंचांग बिनचूक मांडता येते. गणिताने खोटी मित्ती पकडता येते, खरी मित्ती मात्र त्याने एकट्याने सिद्ध होत नाही. जेधे शकावलीचे बळ वाढले ते अन्य साक्षींमुळे. महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदाने रचलेल्या आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शिवभारत’ काव्यात हीच तिथी आढळली. जोधपूर येथे मिळालेल्या एका जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला. तीन निरनिराळ्या ठिकाणची साधने एकमेकांवरून उतरलेली नसताना एकच मित्ती देतात, हा खरा पुरावा होय. तरीही १९६६ च्या शासकीय समितीत या प्रश्नावर एकमत झाले नाही आणि १९ फेब्रुवारी या तारखेस शासनाची मान्यता मिळण्यास २००१ साल उजाडले. ती मान्य करूनही एक गोष्ट स्मरणात ठेवावी लागते : १९ फेब्रुवारी ही ज्यूलियन तारीख आहे, ग्रेगोरीय गणनेने तो दिवस १ मार्च १६३० येतो. जयंती कोणत्या दिवशी करावी हा समाजाच्या संकेताचा प्रश्न आहे. घटना केव्हा घडली हा इतिहासाचा प्रश्न आहे. दोहोंची गल्लत झाली की वाद मिटत नाहीत.

(६) घटनेचा काळ आणि लेखाचा काळ

बखरींच्या मित्त्या मागे पडल्या त्याचे एक कारण असे की त्या घटनेपासून फार दूर लिहिल्या गेल्या होत्या. घटनेचा काळ व लेखाचा काळ यांतील हा भेद भाषेच्या इतिहासातही तितकाच महत्त्वाचा आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या मराठी लेखाला पुष्कळ दिवस मराठीतील आद्य वाक्याचा मान देण्यात आला व त्याचा काळ इ. स. ९८३ सांगण्यात आला. वस्तुतः त्या लेखावर मित्ती नाही. पहिली ओळ चावुंडराजाने मूर्ती करविल्याचे सांगते आणि दुसरी गंगराजाने सभोवतालची ओवरी करविल्याचे. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची असली तरी गंगराज हा बाराव्या शतकाच्या आरंभीच्या होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती होता. दोन्ही ओळींचे अक्षरवळण एकच दिसते. तेव्हा पहिली ओळही गंगराजाच्या वेळेपूर्वीची मानण्यास आधार राहत नाही. ९८३ हे वर्ष फार तर मूर्तीचे असेल. त्या मराठी वाक्याचे ते नव्हे. याउलट हत्तरसंग-कुडल येथील लेखात शके ९४० हा काळ प्रत्यक्ष कोरलेला आहे. मराठीच्या प्राचीन रूपांचा क्रम लावताना या दोन लेखांचे स्थान उलटसुलट झाले तर त्यावर उभारलेला विभक्तिप्रत्ययांचा इतिहासही उलटा होतो.

या विवेचनावरून संशोधकाने कोणत्याही मित्तीसंबंधी तीन प्रश्न विचारणे अवश्य ठरते. ती कोणत्या गणनेतील आहे आणि त्या गणनेत दिवस व वर्ष कोठे पालटतात? ती घटनेच्या वेळी नोंदली गेली की मागाहून? आणि तिच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कोणत्या साधनाने तिला आधार मिळतो? यांची उत्तरे मिळेपर्यंत मूळ मित्ती जशी आहे तशी, तिच्या सर्व अंगांसह, प्रथम द्यावी आणि रूपांतरित तारीख तिच्यापुढे स्वतंत्रपणे मांडावी. केवळ रूपांतरित तारीख छापून मूळ मित्ती गाळण्याची जी प्रथा प्रबंधांतून वाढत आहे ती घातक आहे. कारण रूपांतरातील चूक पुढील अभ्यासकाने ज्या पुराव्यावरून दुरुस्त करावयाची, तो पुरावाच त्यामुळे नाहीसा होतो.