तळटीप : चिरोटे
* चिरोटे : तुपात तळलेले पदरदार पक्वान्न. सूस (मुळशी तालुक्यातले गाव, २०२१ पासून पुणे महापालिकेत) येथील घरात ते व्याह्यांपुढे आले, यातला मान आजच्या वाचकाच्या नजरेतून सुटू नये. मोहन घातलेल्या मैद्याच्या किंवा बारीक रव्याच्या पातळ पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीवर तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा लावायचा, त्या एकावर एक ठेवून घट्ट वळकटी करायची आणि तिचे तुकडे हलक्या हाताने लाटायचे. मंद आचेवर झाऱ्याने तूप उडवत तळले की पदर सुटतात. घाई केली तर वरून लाल आणि आत कच्चे. मुळशी हा भाताचा मुलूख, त्यामुळे पिठी घरचीच. खर्ची पडे ते तूप आणि घरातल्या बायकांची अख्खी दुपार. पाहुण्याचा खरा सन्मान त्या दुपारीत आहे. इजिप्तच्या खेड्यांतही तूप लावून घड्या घातलेली, भट्टीत भाजलेली ‘फतीर मिशलतित’ ही जाड पोळी मध, साय किंवा मुरलेल्या चीजबरोबर पाहुण्यापुढे ठेवतात. सूसच्या घरातले हे चिरोटे पिठीसाखरेचे आहेत. पाकातले चिरोटे ही निराळी तऱ्हा. — संपादक