आज्ञावलीच्या विचारपद्धती : एक धावता इतिहास

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर यंत्र उभे राहते. परंतु त्या यंत्राला चालविणारी आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. ती लिहिण्याच्या भाषा शिकविणारे क्लास आज गावोगावी निघाले आहेत. "मुलाने कोणती भाषा शिकावी?" असा प्रश्न पालक हमखास विचारतात. या प्रश्नाचे उत्तर थोडे मागे जाऊन, इतिहासात शोधावे लागते.

१९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.बी.एम. कंपनीत फोरट्रान ही भाषा तयार केली. गणिताची सूत्रे लिहावीत तशी आज्ञावली त्यामुळे लिहिता येऊ लागली. 'आधी हे कर, मग ते कर' अशी क्रमाने पायऱ्या सांगण्याची ही रीत होय. १९५८ साली अमेरिकेतच जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेचे काम सुरू केले. तिच्यात सारे काम फलनांच्या, म्हणजे फंक्शनच्या रूपात मांडण्यावर भर होता. तात्पर्य, एकाच यंत्राशी बोलण्याच्या दोन निरनिराळ्या विचारपद्धती आरंभापासूनच होत्या. अशा विचारपद्धतीस 'पॅराडाइम' म्हणतात.

आज्ञावल्या लांबत गेल्या तसा गुंताही वाढला. मध्येच कोठेही उडी मारण्याची 'गो टू' ही आज्ञा गोंधळास कारण होते, असे डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली एका गाजलेल्या पत्रात मांडले. त्या सुमारास शिस्तबद्ध रचनेचा आग्रह वाढू लागला.

परंतु सर्वांत दूरवर परिणाम करणारा विचार नॉर्वेसारख्या लहान देशातून आला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन निगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे काम करीत. प्रत्यक्ष व्यवहारातील रांगा व कामाचा खोळंबा यांचे प्रतिरूप संगणकात कसे उभे करावे, हा निगार्ड यांचा प्रश्न होता. डाल हे आज्ञावली रचण्यात निष्णात होते. दोघांच्या परिश्रमांतून 'सिम्युला' ही भाषा जन्मली. ती सुधारताना त्यांच्यापुढे एक साधे उदाहरण होते : पुलावरील टोलनाका आणि तेथे रांगेत उभे असलेले ट्रक व बस. ट्रक वेगळा, बस वेगळी. पण रांगेत उभे राहणे दोघांनाही समान. मग समान गुण 'वाहन' या एका वर्गात एकदाच सांगावेत आणि ट्रक व बस यांनी ते वारशाने घ्यावेत, ही कल्पना १९६७ च्या सिम्युलात साकार झाली. 'वर्ग' म्हणजे क्लास, 'वस्तू' म्हणजे ऑब्जेक्ट आणि 'वारसा' म्हणजे इनहेरिटन्स या आजच्या मूलभूत कल्पना तेथूनच आल्या.

विद्यार्थी मित्रहो, बँकेचे उदाहरण घ्या. खातेदार तिजोरीत हात घालीत नाही. तो खिडकीवर स्लिप देतो. रक्कम किती आणि ती कशी द्यायची, हे दोन्ही बँक आपल्याकडे ठेवते. त्याचप्रमाणे वस्तूची माहिती आणि त्या माहितीवर करावयाची कामे एकत्र बांधली, की बाहेरच्या कोणास ती माहिती परस्पर बदलता येत नाही. चूक झालीच, तर ती शोधण्याची जागाही ठाऊक असते.

पुढे अमेरिकेत ॲलन के यांनी या पद्धतीस 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे नाव दिले. ते व त्यांचे सहकारी यांनी १९७२ पासून झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ही भाषा घडविली. डेन्मार्कचे बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी सिम्युलातील वर्गांची कल्पना सी भाषेत आणण्याचे काम १९७९ साली बेल प्रयोगशाळेत आरंभिले; १९८३ साली तिचे नाव सी प्लस प्लस झाले. १९९५ साली जावा आली. निगार्ड व डाल यांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २००२ साली, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, दोघेही निवर्तले.

निगार्ड यांचे आणखी एक कार्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेसोबत काम केले. कारखान्यात येणारा संगणक कामगारांना समजावा आणि त्याविषयी त्यांना आपले म्हणणे मांडता यावे, हा त्यामागील हेतू होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सिम्युला आज फारशी कोणी वापरीत नाही, पण तिचा विचार जावा, पायथॉन इत्यादी भाषांत नांदतो आहे. दुसरीकडे, फंक्शनलाच मूल्याप्रमाणे हाताळण्याची लिस्पमधील जुनी रीत २०१४ साली जावाच्या आठव्या आवृत्तीत दाखल झाली. भाषा मागे पडतात, विचार टिकतात. म्हणून केवळ भाषेच्या नावावर भुलून फी भरण्यापूर्वी तेथे विचार करावयास शिकवितात की आज्ञा पाठ करवून घेतात, याची चौकशी पालकांनी अवश्य करावी.

आणि विद्यार्थ्यांनी? संगणक हाताशी नसला तरी अडत नाही. कागद घ्या, आपल्या शाळेच्या ग्रंथालयाकडे पाहा. तेथे कोणत्या वस्तू आहेत, प्रत्येकीकडे कोणती माहिती आहे, ती कोणती कामे करू शकते, कोणते गुण समान आहेत, हे लिहून काढा. टोलनाक्याचा विचार करताना निगार्ड आणि डाल यांनी हेच केले होते.