ढालीच्या पोटी आलेलं शस्त्र

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून ‘कॉसमॉस १४०८’ हा १९८२ सालचा, केव्हाच निकामी झालेला स्वतःचाच उपग्रह फोडला. मागोवा घेता येईल एवढे मोठे दीड हजारांहून अधिक तुकडे झाले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या सात जणांना, त्यांत दोन रशियन अंतराळवीरही होते, जीव वाचवण्यासाठी परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं. जाणकार या क्षेपणास्त्राला ‘नुदोल’ या नावाने ओळखतात. त्याच्या कुळाचा मूळपुरुष मात्र उपग्रह पाडायला नव्हे, शहरं वाचवायला जन्मला होता.

१९५३मध्ये सात सोव्हिएत मार्शलांनी पक्षाच्या केंद्रीय समितीला पत्र लिहिलं. अमेरिकेची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं येणार. ती हवेतच अडवण्याची काही सोय करा, अशी त्यांची मागणी होती. अनेक शास्त्रज्ञांनी ही कल्पना उडवून लावली. ग्रिगोरी किसुन्को या रडारतज्ज्ञाने ती मनावर घेतली. कझाकस्तानात बाल्खश सरोवराच्या काठी, सारी शागानच्या ओसाड माळावर, त्याच्या ‘सिस्टिम ए’ची उभारणी सुरू झाली.

सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगाने येणारं अस्त्र नेमकं कुठे आहे, हे कळणं ही खरी अडचण होती. रडारला अंतर अचूक मोजता येतं, पण दिशा मोजताना थोडी चूक राहतेच, आणि दूरवर ती चूक फार मोठी होते. किसुन्कोने दिशेचा नादच सोडला. एकमेकांपासून सुमारे १७० किलोमीटरवर, त्रिकोणाच्या तीन टोकांना त्याने तीन रडार बसवले. तिन्हींनी फक्त अंतर मोजायचं. तीन अंतरं जिथे जुळतील, तिथे लक्ष्य. हे गणित क्षणोक्षणी मांडायला सेर्गेई लेबेदेव यांचा ‘एम-४०’ संगणक होता, निर्वात नळ्यांवर चालणारा.

४ मार्च १९६१. चाचणीसाठी सोडलेल्या स्वतःच्याच आर-१२ क्षेपणास्त्राचं अस्त्रशीर्ष माळाच्या दिशेने येत होतं. आत अणुबाँबऐवजी पोलादी वजन. ऐन मोक्याला संगणक थांबला. त्याची आज्ञावली पुन्हा सुरू केली गेली, आणि प्योत्र ग्रुशिन यांचं व्ही-१००० क्षेपणास्त्र वेळेत झेपावलं. सुमारे २५ किलोमीटर उंचीवर त्याने आपल्या पोटातल्या हजारो स्फोटक गोळ्यांचा सडा टाकला. येणारं अस्त्र हवेतच मोडलं. अण्वस्त्राशिवाय असा वेध घेण्याची जगातली ही पहिली वेळ. अमेरिकेला ते साधायला १९८४ साल उजाडलं.

पुढे मॉस्कोभोवती ए-३५ यंत्रणा उभी राहिली, पण खऱ्या अस्त्रासोबत फसवी अस्त्रं आली तर ओळखायची कशी, याचं उत्तर सापडेना. म्हणून अडवणाऱ्या क्षेपणास्त्रावरच अणुबाँब बसवला गेला. १९७२च्या करारानं दोन्ही महासत्तांच्या या ढालींना मर्यादा घातली. २००२मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली.

उपग्रह मारण्याचं वेगळं घराणंही रशियात होतं. व्लादिमिर चेलोमेई यांच्या कार्यालयातून निघालेला ‘उपग्रह-संहारक’ कक्षेत जाऊन सावजाचा पाठलाग करी आणि जवळ पोहोचून फुटे. १९६८मध्ये त्याने कक्षेतलं लक्ष्य उद्ध्वस्त केलं. १९८२नंतर त्याच्या चाचण्या थांबल्या. पाठलागाला तास लागत. खालून थेट झेपावणाऱ्या क्षेपणास्त्राला काही मिनिटं पुरतात, आणि ती विद्या ढाल घडवणाऱ्यांकडेच होती.

येणारं अस्त्र टिपायला जे लागतं, ते उपग्रह टिपायला पुरून उरतं. उलट उपग्रहाचं काम सोपं, कारण त्याचा मार्ग आधीपासून ठाऊक असतो. भारतानेही २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त जे क्षेपणास्त्र वापरलं, ते आपल्या क्षेपणास्त्र-संरक्षण कार्यक्रमातलंच होतं. लक्ष्य मुद्दाम सुमारे ३०० किलोमीटरवर ठेवलं, म्हणून बहुतेक तुकडे लवकर खाली येऊन जळाले. तरी काही वर फेकले गेलेच.

म्हणून ही शस्त्रं नष्ट करा, असं म्हणून भागणार नाही. ढाल कोणी टाकून देणार नाही. थांबवता येते ती कक्षेत कचरा करणारी चाचणी. डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५५ देशांनी तसं आवाहन करणाऱ्या ठरावाला मत दिलं. रशिया आणि चीन विरोधात गेले, भारत तटस्थ राहिला. आपली क्षमता आपण सिद्ध केली आहे. आता भारताने त्या १५५ देशांच्या बाजूला उभं राहावं.